शनिवारचे पांढरे कॅनव्हास बूट अजून आपल्याकडे बनतात का?

सांजवारा · शुक्रवार, रात्री ९.४०

माझे वडील सातारा जिल्ह्यात पीटीचे मास्तर होते. शनिवारी सकाळची शाळा, त्यामुळे शुक्रवारी रात्री आमच्या न्हाणीच्या उंबऱ्यावर कॅनव्हासचे चार जोड ओळीने पालथे घातलेले असायचे. एक बाबांचा, तीन आम्हा भावंडांचे. बूट निथळले की खडूची पूड पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने लावायची. रबराच्या कडेला पांढरं लागलं तर ओल्या फडक्याने लगेच पुसून घ्यायचं, नाहीतर बाबा सकाळी परत पुसायला बसवायचे.

पुढच्या महिन्यात त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतील. मागच्या दिवाळीत मी त्यांना जाड, मऊ तळाचे महागडे बूट घेतले. चार दिवस घातले आणि ठेवून दिले. म्हणाले, "पायाला जमीनच कळत नाही." त्यांना तेच जुने हवेत: पांढरा कॅनव्हास, सपाट रबरी तळ, साध्या सुती नाड्या.

ठाण्यातल्या एका मॉलमध्ये 'रेट्रो' म्हणून हुबेहूब तसेच दिसले. डबा उलटा करून पाहिला तर आयात केलेले, किंमत चार हजारांच्या वर. बाबांनी बूट तिथेच खाली ठेवले. त्यांचं म्हणणं एवढंच की ही वस्तू आपल्याकडे त्यांच्या लहानपणापासून बनते आहे, मग ती बाहेरून कशाला आणायची. मलाही ते पटतं.

असे बूट आज इथे बनतात का? बनत असतील तर मिळतात कुठे? आणि लेबलवर नेमकं काय वाचायचं?

गिरणगाव७ · शुक्रवार, रात्री १०.१५

बनतात. आणि तुम्ही ज्यांना जुने म्हणताय ते कधी बंद पडलेच नाहीत.

बाटाचे पांढरे टेनिस शूज घ्या. कंपनी त्यांचा जन्म १९३६ सांगते, आणि तोही भारतातला, शाळेतल्या कवायतीसाठी. बाटा मूळची आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या झ्लीनची. तिकडे १८९४ मध्ये सुरू झाली, इकडे १९३१ मध्ये. आधी कोलकात्याजवळ कोन्नगरला काम चाललं, मग हुगळीच्या काठी कारखाना आणि त्याच्याभोवती अख्खं गाव वसवलं, ते बाटानगर. म्हणजे तुमच्या वडिलांच्या पायातला तो आकार याच मातीत वाढलेला आहे.

आमच्या लालबागच्या घरात मात्र करोना. मुंबईची कंपनी, आणि तेव्हा त्या शब्दाला दुसरा काही अर्थ नव्हता. ती केव्हाच बंद पडली. पावसाळ्यात बाटाचे सँडक. आत पाणी शिरलं की चालताना पचक-पचक वाजायचे, आणि जून-जुलैत शाळेच्या जिन्यात दुसरा आवाजच नसायचा.

घाटवाट · शुक्रवार, रात्री ११.०२

मॉल सोडा, गणवेशाच्या दुकानात जा. एनसीसी, पोलीस, होमगार्ड, सिक्युरिटी यांचा माल विकणारी दुकानं प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आहेत. पीटीचे पांढरे, पोलीस भरतीवाल्यांचे तपकिरी कॅनव्हास आणि उंच घोट्याचे हिरवे हंटर तिथे बारा महिने टांगलेले असतात. पुण्यात रविवार पेठेत बघा, किंवा बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात.

सह्याद्रीत फिरणाऱ्या आमच्या पिढीचे पाय दोनच बुटांत घडले, हंटर आणि ॲक्शन ट्रेकिंग. हंटरचा कॅनव्हास घोट्याच्या वरपर्यंत येतो, त्यामुळे कारवीच्या रानात काटे-कुसळं आत जात नाहीत. ओढा ओलांडला तरी लवकर वाळतो. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, मध्ये एकदा बदलायचे, सकाळी घालण्याजोगा होतो. आत गादी मात्र अजिबात नसते, वेगळा इनसोल घालावा लागतो.

आता एक सावधगिरी, स्वतःच्या अनुभवातून. पाच वर्षांपूर्वी एका दुकानात जुन्या ट्रेकिंग बुटांचा पडून राहिलेला जोड मिळाला. डबाबंद, कोरा. अगदी बालपण हातात आल्यासारखं वाटलं. राजगडाच्या गुंजवणे वाटेवर अर्ध्या तासात उजव्या बुटाचा तळ भाकरीसारखा तुटायला लागला, माचीवर पोचेपर्यंत डावाही गेला. संजीवनी माची राहिली, सुतळीने तळ बांधून मी खाली उतरलो. पीयूचा तळ न वापरता ठेवला तरी हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दुकानदारालाही नसावं. जुना आकार घ्या, जुना साठा घेऊ नका. डब्यावरचा उत्पादनाचा महिना-वर्ष वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

सांजवारा · शनिवार, सकाळी ७.२०

गणवेशाचं दुकान! साताऱ्यात आमचे सगळे बूट तिथूनच यायचे आणि मला ते सुचलंच नाही. घाटवाट, खूप आभार. पण पीयू म्हणजे काय, रबर वेगळं कसं ओळखायचं? दुकानात सगळं सारखंच दिसतं.

कलबूत · शनिवार, सकाळी ११.४५

याचं उत्तर मी देतो. माझे वडील मुंबईत ठक्करबाप्पा कॉलनीत बूट बनवायचे आणि मी त्याच खोलीत अभ्यास केला. एका भिंतीला फर्म्यांची, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यांची मांडणी, दुसऱ्या भिंतीला माझं दप्तर.

कॅनव्हास बूट दोन तऱ्हेने बनतो. जुनी तऱ्हा व्हल्कनाइज्डची. शिवलेलं अपर, म्हणजे बुटाचा वरचा कापडी भाग, फर्म्यावर ताणून चढवतात, खाली कच्च्या रबराचा तळ, भोवती कच्च्या रबराची पट्टी, आणि तो अख्खा बूट फर्म्यासकट वाफेच्या भट्टीत जातो. शंभर अंशांच्या वर, तासभराच्या आसपास. रबरात गंधक मिसळलेला असतो. उष्णतेने तो रबराचे धागे एकमेकांत बांधतो आणि तळ, पट्टी, कापड असा सगळा एकजीव जिन्नस होतो. दुसरी तऱ्हा म्हणजे तळ वेगळा साच्यात ओतून सोल्यूशनने चिकटवायचा. ही स्वस्त पडते, लवकर होते, आणि आमच्यासारख्या भट्टी नसलेल्या छोट्या कारखान्यांना हीच जमते. ती वाईट नाही, सोल्यूशन चांगलं आणि वाळायला वेळ दिलेला असला तर वर्षानुवर्षं टिकते. पण सांजवारा, तुमच्या बाबांच्या आठवणीतला बूट पहिल्या जातीचा आहे.

दुकानात असं बघा. बूट हातात घेऊन पंजाशी वाकवा, जिथे चालताना पाय मोडतो तिथे. पट्टी आणि कापड यांच्यात केसाएवढी फट दिसली तर चिकटवलेला. व्हल्कनाइज्ड बुटात पट्टी कापडाला धरूनच वळते. मग पट्टीचा सांधा शोधा. लांब पट्टी भोवती गुंडाळून एका जागी जोडलेली असते, बहुधा आतल्या बाजूला किंवा टाचेमागे. असा सांधा दिसला तर चांगली खूण. नाक जवळ नेलंत तर रबराचा वास येतो, सोल्यूशनचा झोंबरा वास येत नाही. तळावर नखाने दाबा. रबर दबून परत येतं, पीव्हीसी टणक आणि चकचकीत लागतं, ओल्या फरशीवर घसरतं. पंचाहत्तरीच्या माणसाला पीव्हीसीचा तळ कृपा करून देऊ नका. आणि पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन, हाताला वजनाला हलका, आतून बारीक फेसासारखा असतो.

मर्यादाही सांगतो. व्हल्कनाइज्ड बुटाचा तळ बदलता येत नाही, भट्टीत एकजीव झालेला तो सुटत नाही. झिजला की चांभाराकडून वर पातळ अर्धा तळ मारून घेता येतो, एवढंच. म्हणून कापड बघून घ्या. दोन पदरी हवं, करंगळीच्या बाजूला शिलाई दुहेरी हवी, आणि नाडीच्या भोकांना धातूच्या रिंगा घट्ट बसलेल्या हव्यात. पहिलं उसवतं ते तिथेच.

रबर असं पक्कं करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली. चामड्याच्या बुटाची जी पक्की शिलाई, गुडइयर वेल्ट, ती त्याच्या मुलाच्या नावावर. वडिलांना हे मी शाळेत असताना वाचून दाखवलं होतं. हातातली रापी खाली ठेवून त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

अबोली_के · शनिवार, दुपारी १.१०

कलबूत, फार सुंदर लिहिलंत. प्रत जपून ठेवली.

बायकांसाठी एक गोष्ट सांगते. काळे, गोल टोकाचे, वर एक पट्टा आणि बाजूला बक्कल असलेले बूट आता 'व्हिंटेज' म्हणून महाग मिळतात. तेच बूट शाळेच्या मुलींच्या विभागात आहेत, तसेच्या तसे. माझा नंबर चार. मी गेली सहा वर्षं तिथूनच घेते आणि साडीवरही घालते. पाच नंबरपर्यंत सहज मिळतात, पुढचे कमी. मे अखेरीस आणि जूनमध्ये जा, नंतर नंबर फुटतात. टाचेला सुरुवातीचे चार दिवस चावतात, आतून मेण चोळलं की बरं.

निळीशाई · शनिवार, दुपारी ३.३०

चर्चा चांगली चालली आहे, पण एक मुद्दा मला सोडवत नाही. बाटा भारतीय आहे असं आपल्याकडे निम्म्या लोकांना वाटतं. भारतातली कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, पण बहुसंख्य भागीदारी परदेशातल्या मूळ समूहाकडे आहे. मग देशी म्हणून घ्यायचं तर लिबर्टी घ्या, कर्नालची, १९५४ पासूनची. पॅरागॉन घ्या, केरळची. लखानी घ्या, फरीदाबादची. पैसा कुठे जातो हेही बघायला नको का?

कलबूत · शनिवार, संध्याकाळी ५.०५

निळीशाई, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तुम्ही दिलेली नावंही चांगली. पण मी कारखान्याच्या बाजूने बघतो. आमच्या खोलीत चार कारागीर होते. मजुरी डझनावर, महिन्यावर नाही. डझन आले तर चूल, नाही आले तर उसनवारी. ऑर्डर देणाऱ्या कंपनीचा मालक कोणत्या देशाचा हे त्यांना कधी कळलंही नाही. बूट इथे शिवला गेला की नाही, एवढ्यानेच त्यांच्या घरात फरक पडायचा. आणि भारतीय नावाची कंपनीसुद्धा बाहेरून तयार बूट आणून आपला शिक्का मारू शकते. म्हणून मी आधी कारखान्याचा पत्ता बघतो, ब्रँड मागाहून.

चार्ल्सकाठ · शनिवार, संध्याकाळी ६.५०

बोस्टनहून लिहितोय. 'देशात बनलेलं' म्हणजे किती, हा प्रश्न इथेही आहे. न्यू बॅलन्सचं मुख्यालय आमच्याच शहरात आणि काही जोड अजून मेन राज्यात बनतात. तिथल्या लेबलचा अर्थ कंपनी स्वतः स्पष्ट करते: देशातल्या मूल्याचा वाटा ७० टक्के किंवा जास्त. म्हणजे उरलेलं बाहेरून आलेलं असू शकतं. कॉन्व्हर्सचं मुख्यालयही इथलंच. त्यांचे कॅनव्हास बूट अमेरिकेत बनणं २००१ मध्ये थांबलं, आणि त्यानंतर इथल्या लोकांनी ते फार हळहळत शोधले. इथे बनलेल्या जोडासाठी मी दोनशे डॉलर मोजले आहेत. तुमच्याकडे तीच जात गणवेशाच्या दुकानात काहीशे रुपयांना मिळते हे वाचून मी आईला फोन करून दोन जोड सांगितले.

मोजमाप · शनिवार, रात्री ९.२५

लेबलचा प्रश्न अजून राहिलाच आहे. माझी नोकरी वैधमापन, म्हणजे वजन-मापांच्या खात्यातली होती, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

डबाबंद मालावर काय छापायचं हे २०११ च्या वैधमापन (पॅकबंद वस्तू) नियमांनी ठरलेलं आहे. उत्पादकाचं नाव-पत्ता, माल बाहेरचा असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश, महिना-वर्ष, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क. सर्वांत जास्त फसगत होते ती 'मार्केटेड बाय' या ओळीने. ती विकणाऱ्याची ओळ आहे, तिच्यावरून कारखाना कळत नाही. 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' शोधा. ऑनलाइन घेताना मूळ देश दाखवणं विक्रेत्यांना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांपासून बंधनकारक आहे. पानाच्या अगदी तळाशी असतो, पण असतो.

आता आयएसआय. बुटांना हा शिक्का आता सक्तीचा होत गेला आहे, लहान उत्पादकांना त्यातून सूट आहे. रबरी तळाच्या कॅनव्हास शूजचं मानक आयएस ३७३५. शिक्क्याच्या वर मानकाचा आकडा आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. परवानाधारकाचं नाव आणि कारखान्याचा पत्ता समोर येतो, अगदी गाव-तालुक्यासकट. परदेशी कारखान्यांनाही हा परवाना मिळतो, म्हणून नुसता शिक्का बघून समाधान मानू नका. पत्ता वाचा. दुकानात उभ्या उभ्या एका मिनिटाचं काम आहे, आणि दुकानदार नाराज होत नाहीत. उलट मी दाखवल्यावर एकाने आपला सगळा माल तपासून बघितला.

जाता जाता, २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के आहे. हे सगळे बूट त्यात बसतात.

अड्यारवासी · रविवार, सकाळी ८.३०

चेन्नईतून एक भर. आपल्याकडे नंबर चालतात ते ब्रिटिश मापाचे, आणि आपला पंजा त्या मानाने रुंद. त्यामुळे आपण लांबीला एक नंबर मोठा घेतो आणि टाच मागे सुटते. इथल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने यासाठी देशभर एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले आणि 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली आहे. ती दुकानात रुळेपर्यंत एकच उपाय, संध्याकाळी जा, पाय दिवसभराने जरा फुगलेले असताना, आणि ज्या मोज्यावर घालणार तेच मोजे नेऊन दोन्ही पायांत घालून बघा. वयस्कर माणसाचं तर माप नव्याने घ्याच. तीस वर्षांपूर्वीचा नंबर आज बसेलच असं नाही.

चामड्याचे जुन्या घाटाचे बूट हवे असतील तर आमच्या बाजूला आंबूर, राणीपेट आणि उत्तरेत आग्रा, कानपूर इथे उत्तम काम होतं. गुडइयर वेल्टचे बूट चेन्नईत ब्रिडलेनसारखे लोक करतात. महाग आहेत, पण तळ दोन-तीनदा बदलून घेता येतो. तो स्वतंत्र विषय आहे, कोणी धागा काढला तर मी लिहीन.

घाटवाट · रविवार, सकाळी ९.१५

मोजमाप, माझ्या हंटरवर आत्ता क्रमांक टाकून बघितला. हरियाणातला पत्ता आला. बारा वर्षं मी हा बूट घालतोय आणि तो कुठून येतो हे आज पहिल्यांदा कळलं.

सांजवारा · पुढचा रविवार, रात्री ८.५०

सगळ्यांना कळवायला आले.

काल बाबांना घेऊन साताऱ्याला गेले होते. राजपथावरचं जुनं गणवेशाचं दुकान आहे, गल्ल्यावर आता मुलगा बसतो. त्याने आठ नंबर काढला. अड्यारवासींचं ऐकून मी पाय मोजायला लावला, तर नऊ निघाला. बाबांना ते पटेना, मग दोन्ही घालून चालून बघितले आणि नऊ ठेवला.

कलबूत, तुमच्यासारखा बूट पंजाशी वाकवला. पट्टी कापडाला धरून वळली. आतल्या बाजूला सांधा सापडला तेव्हा मी एवढ्या मोठ्याने "हा बघा" म्हटलं की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. परवाना क्रमांक ॲपमध्ये टाकला, पत्ता भारतातलाच. बाबांनी चष्मा लावून तो स्वतः वाचला. जोडाचे चारशे वीस रुपये झाले. त्यांनी दोन जोड घेतले.

घरी आल्यावर नाड्या काढून परत ओवल्या, आडव्या, एकावर एक पट्ट्यांसारख्या, परेडला ओवायचे तशा. मग खडू मागितला. घरात होता तो बिनधुळीचा, तो कापडावर धरेना. कोणाकडे चांगला उपाय आहे का? आणि धुतल्यावर कड सोडून कापडावर पिवळे डाग पडतात ते कसे टाळायचे?

अबोली_के · पुढचा रविवार, रात्री ९.०५

फार फार आनंद झाला वाचून. काकांना नमस्कार सांगा.

पिवळे डाग साबण राहून गेल्याने पडतात. शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला, बूट पांढऱ्या टिश्यूपेपरमध्ये गुंडाळा आणि सावलीत वाळवा. डाग कागदावर उतरतात. उन्हात ठेवू नका, रबरही पिवळं पडतं.

गिरणगाव७ · पुढचा रविवार, रात्री ९.३०

खडू साधा घ्या, जिप्समचा, जो फळ्यावर धूळ पाडतो तो. खेड्यातल्या स्टेशनरीच्या दुकानात अजून मिळतो. बारीक कुटून वस्त्रगाळ करा, दुधाएवढं पातळ कालवा, आणि बूट अर्धवट ओला असतानाच लावा. पूर्ण वाळल्यावर लावलात तर पोपडे येतात.

सांजवारा · पुढचा रविवार, रात्री ९.४०

बाबा शेजारी बसून वाचतायत. म्हणाले, "वस्त्रगाळ बरोबर आहे, हा माणूस जाणकार दिसतो." उद्या खडू आणते.